बेराची तारीख

मुलाचा दुभंगलेला ओठ तिसऱ्या महिन्यात शिवला, तोंडातली दुभंगलेली टाळू अकराव्या महिन्यात. दोन्ही ऑपरेशनं मोफत झाली, डॉक्टर देवासारखे भेटले. मला सांगायचंय ते कानाच्या तपासणीबद्दल. तिथे आमचे पाच महिने गेले, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

दोन वर्षांचा झाला तरी तो 'आई', 'मामा' यापुढे जाईना. बाबांनाही मामाच म्हणायचा. सगळे म्हणत, ऑपरेशन झालंय ना, बोलेल हळूहळू. सासूबाईंच्या मात्र लक्षात आलं. "अगं, मागून हाक मारली की हा वळत नाही."

टाळू ताणणारा स्नायूच कानाच्या आतली नळी उघडतो. तो नीट काम करत नसेल तर पडद्यामागे पाणी साचतं आणि मुलाला कापसाचे बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. टाळूच्या ऑपरेशनआधीच कान दाखवा. पाणी असेल तर ग्रॉमेट, म्हणजे पडद्यातली बारीक नळी, त्याच भुलीत बसवता येते. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

तर बेरा, म्हणजे ऐकू किती येतं ती तपासणी. डोक्याला तारा लावून करतात, मूल गाढ झोपलेलं लागतं. खिडकीवरच्या बाईंनी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि म्हणाल्या, "जागवून आणा, म्हणजे इथे झोपेल." पहाटे चारला उठवला. भांडुपहून लोकलमध्ये त्याच्या डोळ्यांवर पाणी मारत, गाणी म्हणत नेला. नवाला रांगेत उभे राहिलो, साडेदहाला तो माझ्या खांद्यावर झोपला. नंबर आला पावणेएकला. टेबलावर ठेवला, कपाळाला तो गार जेल लागला आणि टक्क जागा! "झोपला नाही, पुढची तारीख घ्या." अहो, दोन तास झोपलाच होता की माझ्या खांद्यावर!

पुढची तारीख सात आठवड्यांनी. तेव्हा खिडकीवर टाळूच्या ऑपरेशनचं मूळ डिस्चार्ज कार्ड मागितलं. माझ्याकडे झेरॉक्स होती. हातापाया पडले, मूल दाखवलं, ओठावरचा व्रण दाखवला. नाही म्हणजे नाही. मी जिन्यात बसून रडले. आधी सांगायला काय झालं होतं? कागदावर तारखेखाली एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं.

म्हणून सांगते, सगळे मूळ कागद एकाच फायलीत ठेवा आणि दोघं जा. एकाने रांग धरायची, दुसऱ्याने मुलाला बाहेर खेळवत ठेवायचं. आत बोलावलं की मगच दूध पाजून झोपवायचं. ही युक्ती तिथल्याच एका आयाबाईंनी सांगितली. तिसऱ्या खेपेला वीस मिनिटांत काम झालं. दोन्ही कानांना चाळीस डेसिबल, म्हणजे हळू आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. ग्रॉमेट बसले त्या संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि तो दचकून मला बिलगला. शिट्टीला तो पहिल्यांदाच दचकला.

स्पीच थेरपी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत घेतली. घरी रोज आरशासमोर कागदाच्या कपट्यावर 'प' म्हणायचा, कपटा उडाला की बरोबर. हे चुकवू नका.

बालवाडीच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात "जरा स्लो आहे" म्हटलं होतं. मी बेराचा कागद दाखवला आणि पहिला बाक मागितला, तुम्हीही मागा. डेन्मार्कमध्ये नववीच्या मुलांचे गुण पाहिले, तेव्हा नुसता ओठ दुभंगलेली मुलं बाकीच्यांच्या बरोबरीनेच निघाली. टाळू दुभंगलेली थोडी मागे होती. म्हणजे ओठाचा व्रण पाहून बुद्धीचा अंदाज बांधू नये, आणि टाळू दुभंगलेली असेल तर कान नि बोलणं आधी सांभाळावं.

आता तो पहिलीत आहे. भांडुपला तो 'मांनुम' म्हणायचा. परवा वांद्र्याहून परतताना लोकलमध्ये घोषणा झाली, तर माझ्या मांडीवरून उठून आख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडला, "पुढील स्टेशन, भांडुप!"