बे एरियाचा एफएम: आकडा तोच, स्टेशन भलतंच

आपल्याकडे एफएमचा आकडा आणि नाव डोक्यात जोडीनंच बसलेलं असतं, ९८.३ म्हणजे मिर्ची, ९१.१ म्हणजे रेडिओ सिटी. मुंबईत गो ९२.५ गेलं तेव्हा हळहळणारे लोक होते, पण अशी उदाहरणं कमीच. इकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मात्र आकडा तेवढा कायम असतो, बाकी नाव, गाणी, लोगो, सकाळी बोलणारी माणसं हे सगळं एका दुपारीत बदलू शकतं. याला इथे ‘फॉरमॅट फ्लिप’ म्हणतात.

१०५.३ चंच बघा. वर्षानुवर्षं हे ‘लाइव्ह १०५’, अल्टरनेटिव्ह रॉकचं स्टेशन. २०१७ मध्ये त्याचं ‘ऑल्ट १०५.३’ झालं, २०२१ मध्ये ‘डेव्ह’, आणि २०२३ मध्ये परत ‘लाइव्ह १०५’! डेव्ह हे चक्क माणसाचं नाव, आणि अशी फॅशनच आहे इथे, जॅक, बॉब, ॲलिस... जॅक एफएम तर कॅनडातून आलेला तयार ब्रँड, शहराशहरांत तोच जॅक, आम्हाला हवं ते वाजवतो म्हणणारा. मला याउलट गावाशी जोडलेली नावं आवडतात, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कोइट टॉवरवरून ठेवलेलं केओआयटी, किंवा तिथल्या धुक्याचं नाव घेतलेलं केफॉग. हे केफॉग म्हणजे १०४.५, १९८२ पासून रॉक वाजवायचं, सकाळी दहाला कुठल्यातरी एका वर्षाची दहा गाणी लावायचे, ऐकणारे स्वतःला ‘फॉगहेड’ म्हणवून घ्यायचे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते बंद झालं आणि त्या जागेवर स्पोर्ट्सची बडबड सुरू झाली. बाहेरून आलेल्या माणसाला शहर आपलंसं वाटायला लागतं ते अशाच स्टेशनांमुळे, म्हणून मला ते फार लागलं.

फ्लिपच्या आधी कधीकधी विचित्र प्रकार करतात, त्याला ‘स्टंटिंग’ म्हणतात. २०१४ मध्ये १०५.७ वर एकच रॅप गाणं अख्खा वीकेंड सलग वाजत होतं, लोकांना वाटलं कुणीतरी स्टेशन हॅक केलं की काय, मग कळलं की ते ‘हॉट १०५.७’ होणार आहे आणि ही त्याची जाहिरात आहे.

पण हे सगळं का करतात? जाहिरातवाल्यांना साधारण २५ ते ५४ वयाचे श्रोते हवे असतात. श्रोते म्हातारे झाले की ते कितीही निष्ठावान असले तरी त्यांची किंमत कमी. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम, १०१.१, १९७२ पासून जुनी गाणी लावायचं. ३ जून २००५ ला एका दिवसात त्याचं जॅक करून टाकलं, जुन्या आरजेंना त्याच दिवशी कळलं. लोक भडकले, रेटिंग पडलं, आणि जुलै २००७ मध्ये जुनं स्टेशन परत आणावं लागलं. त्यात अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादाच काढून टाकली, मग एकेका कंपनीकडे शेकड्यांनी स्टेशनं गेली, आणि बे एरियातल्या सॅन होजे शहरात काय वाजावं हे दुसऱ्याच राज्यातल्या ऑफिसात ठरायला लागलं.

आता याची दुसरी बाजू, आणि ती आपल्या घरातलीच आहे. इथला देसी माणूस गाडीत बसला की ९२.३ लावतो, बॉली ९२.३, २०१४ पासून हिंदी गाणी, गरबा आणि दिवाळीच्या कार्यक्रमांच्या जाहिराती, आणि स्टेशनची ओळख सांगताना ‘केएसजेओ, सॅन होजे’. हेच ९२.३ आधी कित्येक दशकं सॅन होजेचं हार्ड रॉकचं स्टेशन होतं! २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ते स्पॅनिश झालं, नंतर चिनी भाषेतले कार्यक्रम आले, आणि मग आपण. या सिलिकॉन व्हॅलीत कोण येऊन राहिलं ते त्या एका आकड्यावर दिसतं. ऑफिसातल्या पन्नाशीतल्या अमेरिकन लोकांना विचारा, केएसजेओ म्हटलं की डोळे चमकतात त्यांचे, आणि आपल्याला मिळालेला आनंद कुणाच्या तरी गेलेल्या आनंदाच्या जागेवर बसलाय हे तेव्हा मला जाणवतं.

श्रोत्यांना यात कायद्यानं काही हक्क आहे का, तर नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनचं १९७४ मध्ये रॉक केलं तेव्हा श्रोते लढले, १९७५ मध्ये ते संगीत परत आलं सुद्धा. पण फॉरमॅटचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये निकाल लागला की स्टेशननं काय वाजवावं यात सरकारी आयोगानं पडायची गरज नाही, ते बाजारच ठरवेल. १९९३ मध्ये तिथलं शास्त्रीय संगीत गेलं ते गेलंच.

सरकारनं गाणी ठरवावीत असं मलाही वाटत नाही. पण आठवडाभर आधी सांगायला काय हरकत आहे? शेवटच्या दिवशी आरजे माइकवर काहीतरी बोलेल या भीतीनं त्याला बोलूच द्यायचं नाही, हे मला पटत नाही. इतकी वर्षं सकाळी सोबत करणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्यांचा निरोप घेऊ द्या, मग लावा तुमचा जॅक नाहीतर बॉब.