कोजागिरीला झरा लाल का झाला

आमच्या पाणी गटाचा वार्षिक मेळावा यंदा राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत झाला. मी गटाचं फिल्डचं काम बघतो. मेळावा डिसेंबरात ठेवतो कारण तेव्हा व्हाळ, म्हणजे ओढा, अजून वाहता असतो, सकाळी सगळ्यांनी मिळून वनराई बंधारा घालता येतो आणि भाषणं मागे पडतात. गवंड्यांकडून गोळा केलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती भरायची, दाभणाने तोंड शिवायचं, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशी रचायची आणि फटीत चिकणमाती ठोकायची. (मे महिन्यात ह्या गोण्या काढायच्याही असतात, नाहीतर पावसात त्यांच्या चिंध्या थेट खाडीत. हे काम कोणी फोटोत घेत नाही, पण करायलाच हवं.) पाणी तुंबायला लागलं तशी पोरं ओरडली. दरवर्षी ओरडतात, मला दरवर्षी तेवढंच भारी वाटतं.

भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं जेवून देवळाच्या मंडपात बैठक. तिथे प्रत्येक वाडी आपली वही वाचते, म्हणजे विहिरीचं पाणी काठापासून किती फूट खाली गेलं, झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागला, पाण्याला काही फरक दिसला का. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण आमच्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर आणि एप्रिल-मेमधे दारात टँकर, हे कसं होतं ते त्या वहीतच कळतं.

खालच्या वाडीच्या वहिनी वाचत होत्या. "कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाणी लाल. हंडा निवळत ठेवला, तळाला बोटभर गाळ." पुढे परत, "वसुबारस, पाणी लाल." कोणीतरी मधेच म्हणालं, पाऊस पडला की लाल येतंच. वहिनी थांबल्या नाहीत, "नाय वो, तेव्हा पाऊस नव्हताच, उघडीप लिहिलीय बघा."

तेवढ्यात मागे बसलेला वरच्या वाडीतला एक मुलगा उठला. तो सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ पठारावरच्या, चिरेखाणीत मशीनवर कामाला आहे. म्हणाला, पावसाळ्यात खाण बंद असते, तिथे तळं होतं, काम सुरू करायला कोजागिरीच्या रात्री पंप लावून ते पाणी बाजूच्या जुन्या खड्ड्यात सोडलं, आणि राहिलेलं वसुबारसेच्या आदल्या दिवशी. एवढं बोलून खाली बसला. स्वतःच्या रोजगाराचा प्रश्न असताना भर सभेत हे सांगायला काय लागतं ते मला माहितीय, मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं.

आमचा सडा म्हणजे जांभा दगड, वरून कातळ पण आतून चाळण. पावसाचं पाणी त्यातून मुरत जातं, खाली पांढरट चिकट मातीच्या थरावर अडतं आणि तो थर उताराला जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. सातबाऱ्यावर सडा बहुतेक पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लागलेला, त्यामुळे तिथे काही नाहीच असं धरून चालतात. मी हे नकाशा लावून कितीदा सांगितलंय, माना डोलवतात आणि विसरतात. त्या दिवशी दोन तारखा शेजारी आल्या आणि सांगायला काही उरलंच नाही.

मग अर्थात आवाज चढले. वरच्या वाडीतले एक काका म्हणाले, "म्हणजे खाण बंद करा म्हणताव काय? आमच्या घरातली दोन माणसं जातात तिथे." त्यांचं खोटं नाही, त्या पैशावर मुलांच्या फिया भरल्या जातात. पण खालच्या वाडीला पाण्याची दुसरी सोयच नाही हेही तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांतली माणसं मिळून सड्यावर गेलो. त्या मुलाने जुना खड्डा दाखवला. तळाचा लाल गाळ सुकून भेगाळलेला, आणि एका कोपऱ्यात मूठ जाईल एवढं बीळ, गाळाचे सगळे ओघळ त्या बिळाकडेच वळलेले. काका उकिडवे बसले, बिळात काठी घातली, ती अख्खी आत गेली. "हां" म्हणाले फक्त.

खाणमालकाशी बोलणं झालंय. जुन्या खड्ड्यात पाणी सोडणार नाही, दुसऱ्या बाजूला गाळ बसायला वेगळा खड्डा काढतो, एवढं कबूल केलं. झऱ्याच्या वरचा पट्टा कापायचा नाही ह्याला मात्र अजून हो म्हणाला नाही. त्यासाठी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय, सोबत वहीच्या झेरॉक्स लावणार, आणि पंप कधी लागतो त्याची नोंद आता वरच्या वाडीच्या वहीत होते, तोच मुलगा करतो.

कोणाच्या ग्रामसभेने झऱ्याच्या वरचा सडा राखायचा ठराव केला असेल तर मसुदा कसा लिहिलात ते प्लीज सांगा, आम्हाला लागणार आहे.