माझा अनुभव : पूररेषेचा नकाशा मिळवताना

नदीपात्रात रात्री राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात हे अख्ख्या गावाला दिसतं. पण तक्रार टिकायची तर भराव निळ्या रेषेच्या आत आहे हे कागदावर दाखवावं लागतं. पुराचं पाणी कुठवर चढतं ते पूररेषेच्या नकाशावर दोन रेषांनी दाखवतात : निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या एका नकाशाने जेवढं छळलं तेवढं पुढच्या कुठल्याच टप्प्याने नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज सोपा आहे : जोडपत्र 'अ' हा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, १५० शब्द, विषय एकच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पहिल्या कार्यालयाने कलम ६(३) खाली अर्ज दुसऱ्याकडे ढकलला. हे ५ दिवसांत व्हायला हवं, झालं नाही. दुसऱ्याने 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा मारून तो परत पाठवला. शेवटी मुदत उलटल्यावर नकाशा आला. ए-४ कागदावर, काळीपांढरी झेरॉक्स! निळी रेषा काळी, लाल रेषाही काळी, सर्व्हे नंबर म्हणजे नुसते डाग. त्यातून मूळ नकाशा लहान करून छापलेला, त्यामुळे कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाणही खोटं ठरलं. विचारलं तर उत्तर तयार : नकाशा मागितलात, नकाशा दिला, रंगीत असं कुठे लिहिलंय? खरंच लिहिलं नव्हतं. आजही आठवलं की डोकं तापतं, निम्मं स्वतःवरच.

मग पहिलं अपील : जोडपत्र 'ब', २० रुपये, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. निर्णयाला ३० दिवस, लांबला तर ४५. आता बेरीज करा. उत्तराचे ३० आणि अपिलाचे ४५ धरले तरी ७५ दिवस गेले, टपाल आणि ढकलाढकली वेगळीच. इकडे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर वर आणखी ६० दिवस, तेही न्यायाधिकरणाला पटलं तर. माहिती अडकली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. म्हणूनच अर्जात 'गेली अनेक वर्षे भराव चालू आहे' असं जोशात लिहू नका. समोरचा वकील त्याच वाक्यावर बोट ठेवून मुदत संपली म्हणतो. कोणत्या सर्व्हे नंबरलगत, कोणत्या तारखेला नवा भराव दिसला, तेवढंच लिहा.

अपिलाची वाट बघत असताना सुटका झाली ती अवलोकनाने. माहिती अधिकार कायद्यात धारिका, म्हणजे कार्यालयातली फाइल, प्रत्यक्ष बघायचा हक्क आहे, पहिला तास फुकट. हे आधीच मागायला हवं होतं. धारिकेत रंगीत मूळ नकाशा गुंडाळून ठेवलेला होता आणि मागे छेदनिहाय पूरपातळीचा तक्ता, म्हणजे नदी ठिकठिकाणी आडवी कापून काढलेल्या प्रत्येक छेदावर पाणी किती चढतं त्याची यादी. तो तक्ता नकाशाहून मोलाचा. भराव टाकून जमीन उचलली की नव्या मोजणीत ती 'पूररेषेबाहेर' दिसते. मूळ जमिनीचा तलांक, म्हणजे मोजलेली उंची, छेदांवर असेल तरच ही चलाखी उघडी पडते.

तेव्हा अर्जात असंच लिहा : सर्व्हे क्रमांक अमुक ते तमुक यांलगतच्या पूररेषा नकाशाची मूळ मापातील रंगीत साक्षांकित प्रत, त्यासोबतचे नदीचे छेद, छेदनिहाय पूरपातळीचा तक्ता आणि धारिकेचं अवलोकन. साध्या पानाला २ रुपये पडतात, मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च. उत्तराची मुदत उलटली असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(६) दाखवा, प्रती फुकट द्याव्या लागतात.

न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी १००० रुपये, आणि वकील न लावता स्वतः उभं राहता येतं.

हो, फोटोंचं राहिलंच. ते व्हॉट्सॲपवरून फिरवले की तारीख आणि ठिकाणाची नोंद पुसली जाते. मूळ फाइल फोनमधून थेट संगणकावर उतरवा, आणि दर वेळी पुलाचा तोच खांब चौकटीत येऊ द्या.