लॉकडाऊनमध्ये दादाची दारू एकदम तुटली तेव्हा (माझा अनुभव)

2020 च्या मार्चमध्ये जनता कर्फ्यू झाला, मग 25 तारखेपासून देशभर लॉकडाऊन, आणि आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जो तो म्हणायला लागला की बरं झालं, आता पिणाऱ्यांची आपोआप सुटंल. आईलापण तसंच वाटत होतं. दादा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायला वाळूचे साचे भरणारा, कित्येक वर्षं रोज पिणारा, शेवटी शेवटी तर सकाळी उठल्या उठल्या लागायची. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तुटली तर जिवावर बेतू शकतं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

घरातली संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाला चहाचा कप धरवेना, हात नुसते लटलट कापत होते, वहिनीनं बशीत ओतून पाजला. घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री बघतो तर अंधारात अंथरुणावर उकिडवा बसून दोन्ही हातांनी वाळू चेपतोय, वाळू कुठली, गोधडी होती ती, पण तो मोल्ड भरत होता आणि मला ओरडून सांगत होता मागं सर, मेटल येतंय. मी कोण हे पण कळत नव्हतं त्याला.

शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं काहीतरी झालंय, अंगारा लावा. गल्लीतला एकजण म्हणाला चौपट पैसे दे, क्वार्टर आणून देतो. वहिनी म्हणाली, भाऊजी, आधी डॉक्टरला फोन लावा.

मानसोपचार डॉक्टरांनी फोनवरच ओळखलं. मेंदूला रोज दारूनं दाबून ठेवायची सवय झालेली असते, ती अचानक काढली की तो उसळतो, फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते आणि हा भ्रम साधारण त्यानंतर सुरू होतो, माणूस यात जातो सुद्धा, घरी ठेवू नका म्हणाले. पण दादाच्या अंगात ताप होता, एका दवाखान्यानं ताप बघून गेटवरूनच परत पाठवलं, कोरोनाची भीती सगळ्यांनाच होती पण त्या वेळी मला रडू यायचंच बाकी होतं. नाक्यावर पोलिसांना डॉक्टरांची व्हॉट्सअॅपवरची चिठ्ठी दाखवून दुसरीकडं नेलं, तिथं घेतलं. लोराझेपामचं, म्हणजे उसळलेला मेंदू शांत करायचं इंजेक्शन दिलं, आणि ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन म्हणजे बी1 दिलं. पिणाऱ्याच्या अंगात हे कमी असतं, त्यात नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते असं सिस्टरनी सांगितलं. हळूहळू दादा माणसात आला.

पण खरं काम घरी आल्यावर होतं. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली, टीव्हीवर रांगा दिसायला लागल्या, वहिनी टीव्ही बंद करायची आणि दादा परत लावायचा. मग दादाशी बोलून, त्याच्या संमतीनं डायसल्फिरामची गोळी सुरू केली. यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधड होते, बीपी पडतं. कितीतरी घरांत ही गोळी नवऱ्याला न सांगता आमटीत घालतात, डॉक्टर यावर फार चिडले होते, त्यानं नकळत प्यायली तर जीव जाऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. सॅनिटायझरमध्येपण अल्कोहोल असतं म्हणून दादाला हात साबणानंच धुवायला सांगितले. ते सॅनिटायझर तर लोक प्यायले सुद्धा हो, 2021 च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला माणसं मेली त्यानं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना आधार देणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगा तेव्हा झूमवर सुरू होत्या, दादा माझ्या मोबाईलवर माडीवर बसून ऐकायचा, आधी नुसता ऐकायचा, बोलायला लागला ते बऱ्याच दिवसांनी. मधे एकदा घसरला पण लपवलं नाही, स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. फौंड्रीतली पोरं आता त्याला फोन करतात, दारू सोडायचीय म्हणतात. दादा आधी विचारतो शेवटची कधी घेतलीस, रोज किती घेतोस, हात कापतात का, आणि कापतात म्हटलं की सांगतो आधी दवाखाना गाठ, घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा.