एका मुठीत क्लच, ब्रेक आणि रेस

डावा हात अधू असलेल्या सरांना एका हातानं चालवता यावी म्हणून आम्ही बदललेली मोटारसायकल मैदानात सुरळीत चालली होती. जोतिबाच्या रस्त्याला पहिल्या चढावर गाडी थांबवून परत उचलायला सांगितली आणि इंजिन एकदम किंचाळलं. गाडीनं दोन फूट उडी मारली आणि बंद पडली. मागून दोघं कॅरिअर धरून चालत होते, म्हणून सर पडले नाहीत.

"मिस्त्री, मी रेस दिलीच नाही," सर म्हणाले. खरं होतं. रेस त्यांनी दिली नव्हती, त्यांच्या उजव्या तळव्यानं दिली होती.

सर प्राथमिक शाळेत शिक्षक. अपघातात डाव्या खांद्याजवळच्या नसा तुटलेल्या. कोपर थोडं वाकतं, पण बोटांत पकड नाही आणि तळव्याला स्पर्श कळत नाही. आम्ही आधी स्कूटरच सुचवली होती. तिला हाताचा क्लच नसतो, डाव्या हातातला मागचा ब्रेक पायाशी आणला की निम्मं काम झालं. पण शाळा वाडीवर, शेवटचे चार किलोमीटर खडीचे. स्कूटरचं लहान चाक खड्ड्यात हिसका देतं आणि तो हिसका एकाच हातानं सावरायचा. १८ इंची चाकाची गाडी तिथं कितीतरी स्थिर चालते. म्हणून त्यांचीच २०१९ची १२५ सीसीची गाडी घेतली. कार्ब्युरेटर, सेल्फस्टार्ट, पुढे डिस्क. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना सीबीएस किंवा एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं. या गाडीला सीबीएस आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही धरतं. एका हाताच्या माणसाला याचा फार आधार होतो.

पाना हातात घेण्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते, बदलाची नोंद आरसीवर करावी लागते आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सवर अनुकूलित वाहनाचा वर्ग लागतो. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. हे सोडून गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर दाव्याच्या वेळी भांडत बसावं लागतं.

अशा कामात सगळे दुबळ्या हाताचा विचार करतात. खरं तर ओझं पडतं ते चांगल्या हातावर. डावा हात गेला की उजव्या मुठीकडे रेस, पुढचा ब्रेक आणि क्लच अशी तीन कामं येतात. म्हणून पहिलं माप उजव्या हाताचं घेतलं. सामान तोलायचा हुकाचा काटा क्लच लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढला, तर पाच किलोच्या वर आकडा आला. मग तोच काटा सरांच्या अनामिका आणि करंगळीत दिला. चार किलो त्यांना वीस सेकंद धरता येत होते, पाचला बोटं थरथरायला लागली. सिग्नलला क्लच धरून उभं राहायचं तर चारच्या खाली यायलाच हवं.

ठरलं असं, की पुढचा ब्रेक तर्जनी आणि मधल्या बोटानं, क्लच खालच्या दोन बोटांनी. ब्रेकच्या हायड्रॉलिकला हात लावायचा नाही. फक्त मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबली की ब्रेकचं ऑइल ढकलणारा भाग, ३५ मिमी आत सरकवला, म्हणजे मूळच्याच लिव्हरचं टोक दोन बोटांपुरतं उरलं. लिव्हर कापून आखूड करणारे बघितलेत. टोकाची गोळी गेली की पडताना तीच लिव्हर पोटात घुसते, म्हणून कापायचं नाव काढू नये. मास्टर सिलिंडर हँडलवर फिरवायचाही नाही. ऑइलची टाकी तिरकी झाली तर आत हवा खेचली जाते आणि ब्रेक मऊ पडतो. त्यामुळे ब्रेक होता त्याच कोनात ठेवून क्लच लिव्हर खाली फिरवली. दोन्हींमध्ये बोटांपाशी २० मिमी अंतर राहिलं. ब्रेक पूर्ण दाबला तरी लिव्हर क्लचवरच्या बोटांवर येत नाही, हे हातमोजा घालून तपासलं.

उजवीकडे बसणारी, केबलची लिव्हर कुठून आणायची? पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांना तशीच लिव्हर येते. तीच घेतली. तिच्यात ब्रेक दिव्याच्या स्विचची जागा असते. तिथं क्लचचा स्विच जोडला. ती वायर चुकून दिव्याला गेली तर प्रत्येक गिअरला मागचा लाल दिवा लागणार आणि मागच्याची फसगत होणार.

जोर कमी करायला कुणी क्लचच्या स्प्रिंग मऊ घालतात किंवा चारातली एक काढतात. मग चढावर प्लेटा घसरतात आणि जळतात. आम्ही इंजिनावरचा क्लचचा आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते तो दांडा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लांबवून घेतला, ३२ मिमीचा ४० मिमी. जोर एक पंचमांश कमी होतो, पण केबलला सव्वापट हालचाल द्यावी लागते. ती लिव्हरमधून मिळते का हे आधी मोजावं, नाहीतर क्लच पूर्ण सुटत नाही आणि तापलेली गाडी न्यूट्रल होत नाही. तपासायची रीत सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, क्लच दाबून पहिला गिअर. मागचं चाक तेलाच्या ओढीनं हळू फिरेल, पण पायाचा ब्रेक हलका लावताच इंजिन न दबता थांबलं पाहिजे.

केबल मात्र पहिल्यांदा चुकली. क्लचचा आर्म इंजिनाच्या उजव्याच बाजूला असल्यानं नवा मार्ग आखूड होतो. जुनी लांब केबल तशीच वळवून घातली, तर वळणांतल्या घर्षणानं आर्म लांबवून मिळवलेला हलकेपणा जवळजवळ सगळा परत गेला. नवी, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली करून घेतली. तिची तार आठवड्यात निप्पलपाशी, म्हणजे लिव्हरमध्ये अडकणाऱ्या टोकाच्या बोंडापाशी, उसवायला लागली, कारण निप्पल लिव्हरच्या भोकात फिरत नव्हता आणि दर वेळी तार तिथंच मोडत होती. भोक रीमरनं साफ केलं, ग्रीस भरलं, तिसरी केबल टाकली. काट्यावर तीन किलो आठशे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून इंजिनाचा वेग बदलत नाही आणि लिव्हरच्या टोकाशी १० ते १२ मिमी ढील कायम राहते, हे पाहिलं.

आता चढावरची उडी. दोन हात असतात तेव्हा डावा क्लच सोडतो आणि उजवा रेस देतो. इथं दोन बोटं उघडताना तळवा सैल होतो, सैल झालेला तळवा पुन्हा घट्ट धरताना मूठ फिरते. सरांना कितीही सराव दिला तरी हे सुटलं नसतं, कारण चूक रचनेची होती. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनाचे मिनिटाला फेरे, १४००च्या आसपास होतं, ते स्क्रूनं १६००वर नेलं, म्हणजे रेस न देताही गाडी सरकायला लागते. मुठीवर तळव्याची पट्टी बसवली. मनगटाजवळचा भाग तिच्यावर टेकवून रेस देता येते, मूठ आवळावी लागत नाही. पट्टीचा कोन फार महत्त्वाचा. ती वर राहिली तर ब्रेककडे बोटं नेताना तळवा तिच्यावर दाबला जातो आणि ब्रेकऐवजी रेस लागते. तीन वेळा ढिली करून बसवली. चढावर गाडी धरायची ती पायाच्या ब्रेकनं, हे ठरूनच गेलं.

दुसरी धास्ती जोरात ब्रेक मारण्याची. अंग पुढे जातं, सगळा भार उजव्या हातावर येतो आणि उजवी मूठ पुढे ढकलली जाते. वेगात उजवी मूठ ढकलली की गाडी उजवीकडे कलते, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर. हातानं हे रोखता येत नाही, मांड्यांनी रोखावं लागतं. टाकीला दोन्ही बाजूंनी खडबडीत रबर चिकटवलं आणि सीटच्या पुढच्या भागाला फोमचा उंचवटा करून घेतला. खडीसाठी हँडलचे हिसके जिरवणारा लहान हायड्रॉलिक स्टिअरिंग डँपर लावला. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेताना रॉड ६४ मिमी सरकत होता, डँपर ७५ मिमीचा घेतला. हँडल फ्रेमच्या स्टॉपरवरच अडलं पाहिजे, डँपरवर नाही. आणि तो फार घट्ट ठेवला तर कमी वेगात गाडी नागमोडी जाते.

इंडिकेटर, डिपर आणि हॉर्न उजव्या अंगठ्याखाली आणले. हॉर्नला रिले (मोठा करंट स्वतःतून नेणारा स्विच) टाकला, लहान बटण एवढा करंट फार दिवस सोसत नाही.

सरांच्या वडिलांचं म्हणणं, डावा हात पट्ट्यानं हँडलला बांधा. तिथं मात्र आम्ही साफ नकार दिला. गाडी पडली की बांधलेला हात तिच्याबरोबर फरफटतो. डाव्या बाजूला वरून आणि मागून उघडी, रबराची वाटी बसवली. तळवा तिच्यात नुसता टेकतो, अंग मागे गेलं की आपोआप सुटतो. स्पर्श कळत नसल्यानं जाड मोजा घालायचा आणि उतरल्यावर रोज तळवा डोळ्यांनी बघायचा.

त्याच चढावर परत गेलो. पायानं ब्रेक, पहिला गिअर, बोटं हळू उघडली, पट्टीवर मनगट. गाडी न हिसकता निघाली. सरांनी वळून बघितलं नाही, आम्ही सांगितलंच होतं की वळू नका. दहा वेळा तेच करून घेतलं. मग मैदानात ताशी ४०वरून बारा वेळा ब्रेक. पहिल्या तीनदा गाडी उजवीकडे ओढली, मांड्या आवळायचं लक्षात आल्यावर सरळ थांबली.

गाडी दिली तेव्हा ३०० किलोमीटरला परत आणायला सांगितलं होतं. आणली तेव्हा केबल बसून ढील २० मिमीपर्यंत वाढली होती. ती पुन्हा १२वर आणली, डँपरचे बोल्ट आवळले, आणि निप्पलपाशी तारेचा एकही पदर सुटलेला नाही हे भिंगातून पाहिलं.