मीठ आत, धूर बाहेर

शुक्रवार, रात्र

उद्या रात्री धुरकट, झणझणीत चिकन करायचंय. तयारी आजपासूनच सुरू केली, पण आज फक्त मीठ लावलं. हाडासकट मांड्या आणि तंगड्या मिळून एक किलो, त्याला १२ ग्रॅम मीठ. मोजून. चिकन धुतलं नाही, कागदाने टिपून कोरडं केलं. कच्चं चिकन नळाखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतात आणि त्यातून जंतू पसरतात. ते मारायचं काम आचेचं आहे, पाण्याने ते होत नाही. मीठ चोळून तुकडे काचेच्या भांड्यात एका थरात मांडले आणि न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवले.

मसाला सगळा एकदम का नाही लावला, हे इथे लिहून ठेवते, कारण माझी चिकन करायची पद्धत याच एका गोष्टीने बदलली. मॅरिनेशन म्हटलं की आपण धरून चालतो की रात्रभर ठेवलं म्हणजे तिखट, लसूण, धूर, सगळं हाडापर्यंत मुरणार. तसं होत नाही. कोंबडीच्या मांसात साधारण पाऊण भाग पाणीच असतं. मीठ त्या पाण्यात विरघळून हळूहळू आत सरकत जातं. मिरचीचा तिखटपणा आणि धुराचा वास मात्र तेलात विरघळणाऱ्या द्रव्यांत असतो. ती वरच्या काही मिलिमीटरांतच अडकतात, मग एक तास ठेवा नाहीतर दोन दिवस. म्हणजे रात्रभर वेळ द्यायचा तो मिठाला. तिखट आणि धूर उद्या बाहेरून, जाडसर थराने.

मीठ लावल्यावर थोड्या वेळाने तुकड्यांना पाणी सुटलं. ते काढून टाकायचं नाही. त्यात मीठ विरघळतं आणि तेच पाणी बरंचसं पुन्हा आत शोषलं जातं. मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. छातीचे तुकडे कोरडे होतात अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी मसाला बदलण्याआधी एवढं करून पाहावं.

शनिवार, सकाळ

फ्रिज उघडून पाहिलं. चिकनचा वरचा भाग कोरडा, थोडा चिकट आणि घट्ट झालाय. अशा पृष्ठभागावर मसाला धरतो, ओघळत नाही.

सकाळचा वेळ मिरच्यांचा. दोन प्रकारच्या घेतल्या: चिपोटले आणि साध्या सुक्या लाल मिरच्या. चिपोटले म्हणजे झाडावरच पिकून लाल झालेली हालापेनो मिरची, धुरावर सुकवलेली. ही मेक्सिकोची. हालापेनोची साल-गर इतका जाड की नुसत्या उन्हात ती नीट वाळत नाही, सडते, म्हणून धुराचा आधार. स्पेनमध्ये ला वेरा नावाच्या भागात तीच कथा. तिथली शरद ऋतूची हवा दमट, ऊन भरवशाचं नाही, म्हणून मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दोनेक आठवडे सुकवतात, हाताने उलटसुलट करत. त्याच देशात मुर्सियाला ऊन भरपूर, तिथल्या पॅप्रिकेची, म्हणजे लाल मिरचीपुडीची, मिरची उन्हातच वाळते आणि तिला धुराचा वास नसतो. मला हे फार आवडतं. मुळात कुणी चवीसाठी धूर दिला नव्हता, मिरची वाचवायची होती. चव मागून आली आणि मग लोकांना तीच हवीशी झाली.

मिरच्यांची देठं काढली, उभ्या चिरून आतल्या फिकट शिरा खरवडल्या. तिखटपणा बियांत असतो असं सर्रास म्हणतात, पण तो खरा त्या शिरांत असतो. बिया शिरांना चिकटलेल्या असतात म्हणून त्याही तिखट लागतात. मला मिरचीची चव भरपूर हवी होती आणि तिखट सोसेल इतपत, म्हणून निम्म्या मिरच्यांच्या शिरा काढल्या आणि निम्म्यांच्या ठेवल्या. हे प्रमाण ज्याने त्याने आपापल्या जिभेनुसार ठरवावं. तिखट कमी-जास्त करायची चांगली जागा तीच आहे. मिरच्या कमी केल्या तर तिखटाबरोबर रंग आणि गोडसर चवही जाते.

मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायला घेतल्या. इथे हलायचं नाही तव्यापासून. मिरची आधी मऊ पडते, मग जराशी फुगते, तिच्यावर कुठेकुठे गडद ठिपके येतात आणि मनुकांसारखा गोड वास सुटतो. त्या क्षणी उतरवायची. काही सेकंद जास्त झाले तर वास कडवट होतो आणि घरभर ठसका. खिडकी उघडी ठेवली होती, पंखा बंद. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजत घातल्या.

लेक उठून आली, म्हणाली, "आई, नाक झोंबतंय." ते झोंबणं म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन. आपल्या शरीरात उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. साधारण ४३ अंशांच्या वर तो चेततो आणि भाजतंय असं मेंदूला कळवतो. कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतं, म्हणून काहीही गरम नसताना तोंडात आग होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळून मिळालं. लेकीला सांगितलं, तर तिने विचारलं की मग पाणी पिऊन आग का जात नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून. दुधातली प्रथिनं मात्र त्याला धरून नेतात. तिने लगेच दुधाचा पेला भरून टेबलावर ठेवला, रात्रीसाठी. तो उचलून फ्रिजमध्ये ठेवला.

शनिवार, दुपार

आता धूर. यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

भट्टी नाही, अंगण नाही अशा घरात धूर द्यायची सोपी रीत म्हणजे पेटता निखारा वाटीत ठेवायचा, त्यावर तेल सोडायचं आणि झाकण लावायचं. या रीतीत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे कोळशात लाकडाचा वास उरलेलाच नसतो. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं तयार होतात. ज्याला आपण धुरकट म्हणतो ती चव मुख्यतः ग्वायकॉलची आणि तो वास बराचसा सिरिंगॉलचा. कोळसा बनतानाच हे सगळं उडून गेलेलं असतं, त्यामुळे निखाऱ्यावरचा धूर हा जळक्या तेलाचा धूर असतो. दुसरी अडचण, शिजलेल्या चिकनला असा धूर दिला की झाकण उघडताना वास घमघमतो आणि ताटात येईपर्यंत निम्मा विरून जातो.

म्हणून मी चिकनला धूर देत नाही, तेलाला देते. धुरातली ही द्रव्यं तेलात छान विरघळतात आणि तिथे टिकतात. पसरट ताटलीत चार मोठे चमचे तेल घेतलं, पातळ थर होईल असं. ती ताटली मोठ्या पातेल्यात, मधोमध छोटी स्टीलची वाटी, वाटीत लाल निखारा आणि निखाऱ्यावर सफरचंदाच्या लाकडाच्या कोरड्या ढलप्या. चिमूटभरच. लाकूड फळझाडाचं किंवा ओकसारखं टणक हवं. चीडसारखं राळेचं लाकूड नको, त्याने कडवट, टर्पेंटाइनसारखी चव येते. रंग किंवा पॉलिश लावलेल्या लाकडाचा तर विचारही करू नये. आणि झटपट पेटणारा, रसायन लावलेला कोळसाही नको.

झाकण लावलं, सहा-सात मिनिटं ठेवलं. मग तेल ढवळून आणखी एकदा नव्या ढलप्यांवर. धूर पातळ आणि निळसर असला तर बरं. दाट, पिवळट-पांढरा धूर निघायला लागला की ढलप्या जास्त झाल्या असं समजून थोड्या काढते, नाहीतर जिभेवर राखेसारखं काहीतरी रेंगाळतं. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, म्हणून बंद स्वयंपाकघरात हे करूच नये. काम झाल्यावर निखारा पाण्यात बुडवून विझवला.

तेल बोटाला लावून चाखलं. नुसत्या तेलाला इतकी चव येऊ शकते यावर विश्वास बसत नाही.

लसणाच्या दहा पाकळ्या सालीसकट आणि एक कांदा चार फोडी करून तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजले. कच्चा लसूण वाटला तर ओव्हनमध्ये तोच आधी जळतो. मग भिजलेल्या मिरच्या, सोललेला लसूण, कांदा, एक चमचा भाजलेलं जिरं, अर्धा चमचा मिरी, एक मोठा चमचा स्मोक्ड पॅप्रिका, एक चमचा साखर, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि ते धुरकट तेल, सगळं गुळगुळीत वाटलं. मीठ घातलं अगदी कणभर, चिकनमध्ये आहेच. मिरच्या भिजवलेलं पाणी आधी चाखलं, कडू नव्हतं, म्हणून दोन चमचे घातलं.

व्हिनेगर जास्त का नाही? आंबट भरपूर घालून खूप वेळ ठेवलं की मांसाचा वरचा थर पिठूळ होतो, तो मऊपणा नव्हे. आंबट मला शेवटी, ताटात हवं.

कच्च्या चिकनला लागण्याआधी चार चमचे वाटण वेगळं काढून ठेवलं, वर घालायला. बाकीचं तुकड्यांना लावलं, सालीखाली बोटं घालून आणि मांड्यांवर दोन-दोन चिरे पाडून. आत जात नसेल तर बाहेरची जागा वाढवायची, चिऱ्यांचं काम एवढंच. दोन तास फ्रिजमध्ये.

शनिवार, रात्र

ओव्हन २२० अंशांवर, तुकडे जाळीवर, खाली ट्रे. जाळी असली की गरम हवा सगळीकडून फिरते आणि मसाला स्वतःच्याच रसात उकडत नाही. चाळीसेक मिनिटं लागली.

थर्मामीटरने पाहिलं. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण मांड्यांसाठी मी तिथे थांबत नाही, ८२-८३ पर्यंत जाऊ देते. तंगडी-मांडीत चिवट कोलॅजन असतं, ते या तापमानाच्या आसपास विरघळून जिलेटिन होतं आणि मांस हाडापासून सुटतं. छातीचे तुकडे असते तर ७४ लाच काढले असते.

शेवटची पाच मिनिटं वरची आच वाढवली. चिऱ्यांच्या कडा करपल्यासारख्या गडद झाल्या, मसाला तडकून त्यातून तांबडं तेल बुडबुडत होतं. इथे भाजल्याची जी चव येते ती अमिनो आम्लं आणि साखरेच्या अभिक्रियेची, माइयार अभिक्रियेची. लुई-कामिय माइयार यांनी ती मांडली १९१२ साली आणि विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली तीही १९१२ सालीच. माझ्या आजच्या ताटातल्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी कागदावर आल्या.

दहा मिनिटं तसंच ठेवलं, मग राखलेलं वाटण आणि लिंबू. लेकीने दूध मागितलं, पण तिसऱ्या तुकड्यानंतर.

आधी धूर कळतो, मग मिरचीचा गोडवा, तिखट सगळ्यात शेवटी घशाशी. आणि आतलं मांस, जिथे मसाला पोचलेलाच नाही, तेही अळणी नाही. कालच्या मिठाने ते काम केलंय.

रविवार

उरलेलं चिकन थंडच, फोडून, सॅलडमध्ये. धूर आज जास्त जाणवला, तिखट कमी. थंड पदार्थात तिखट कमीच लागतं.

राखलेल्यातलं दोन चमचे वाटण उरलंय, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. जे वाटण कच्च्या चिकनला लागून भांड्यात उरलं होतं, ते कालच टाकून दिलं. पुढच्या वेळी सफरचंदाऐवजी ओकच्या ढलप्या घेऊन पाहायचंय. तेल दोन ताटल्यांत विभागून एकाच दिवशी दोन्ही धूर द्यायचे, म्हणजे फरक नीट कळेल. आणि मांड्यांऐवजी पंख, कारण पंखांना मांसाच्या मानाने बाहेरची जागा खूप जास्त असते.