तारीख कुठली सांगू?

"माझी पाळी कधीच वेळेवर येत नाही हो, तारीख कुठली सांगू?" आज सोनोग्राफीच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली मुलगी नर्सला म्हणाली आणि मग कितीतरी वेळ बोटांवर आठवडे मोजत बसली, परत परत, दरवेळी उत्तर वेगळंच.

तिची बोटं डोळ्यांसमोरून जातच नाहीयेत.

गरोदरपणाचे आठवडे बहुतेक ठिकाणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे गर्भ राहायच्या आधीचे साधारण दोन आठवडेसुद्धा हिशोबात येतात, आणि ज्यांची पाळी अनियमित त्यांना तर कळतंच उशिरा. मग गर्भपाताची कायदेशीर मर्यादा बघा, फ्रान्समध्ये 2022 पासून 14 आठवडे (आधी 12 होती; तिथे मात्र गर्भ राहिल्यापासून मोजतात, म्हणजे पाळीपासून धरले तर 16), स्वीडनमध्ये 18, ब्रिटनमध्ये 24, तीही 1990 च्या आधी 28 धरायचे. आपल्याकडे 2021 मध्ये काही ठराविक परिस्थितीत 20 ची 24 झाली.

कुठेतरी रेघ हवी हे म्हणणाऱ्यांचं मी खरंच ऐकते, गर्भाची काळजी खोटी नसते. पण चर्चेत सगळे आकड्यावरच भांडतात, उशीर का होतो हे कुणी विचारत नाही.

ती आत गेली तेव्हा सोबत कुणीच नव्हतं. तिला कुणी नीट समजावून सांगितलं असेल का?